आघाडीचे सरकार : सभासदाने काय विचारावे?



या पत्रिकेतून आम्ही बहुधा खोडव्याची निगा, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खताचे हप्ते याविषयी लिहितो. आजचा विषय थोडा निराळा आहे. पण तो आमच्याच कामातून निघाला आहे, म्हणून सभासदांनी तो गोड मानून घ्यावा.

गेल्या महिन्यात एका गटाचा ऊस विकास मेळावा होता. खोडव्यात पाचट कसे कुजवावे ते सांगून झाले आणि शंका-समाधान सुरू झाले. पुढच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उठले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्या म्हणाले, "साहेब, पाचटाचं कळलं. आता एक सांगा. ही आघाडी, ती युती, हा गट, तो गट, यात सरकार नक्की कुणाचं असतं? आणि ते पडलं म्हणजे त्यानं आम्हाला दिलेल्या शब्दाचं काय होतं?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. खरे सांगायचे तर उत्तर चटकन सुचले नाही म्हणून हसलो.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच गावात मागल्या हंगामात दोन सख्ख्या भावांचे जे झाले ते आमच्या शेतकी खात्याने डोळ्यांनी पाहिले आहे. थोरल्याच्या रानाला जायची वाट धाकट्याच्या रानातून. बापजाद्यापासून त्याच वाटेने बैलगाडी गेली, पुढे ट्रॅक्टर गेला. थोरला एका पक्षाचा, धाकटा दुसऱ्याचा. निवडणुकीत शब्दाला शब्द लागला आणि धाकट्याने वाट अडवली. थोरल्याच्या आडसाली उसाची पाळी डिसेंबरात होती. टोळी आली, बांधावर दोन दिवस बसली आणि निघून गेली. मार्चअखेर ऊस तुटला तेव्हा त्याला तुरा येऊन गेला होता, कांडी पोकळ झाली होती. वजनात किती घट आली हे थोरल्या भावाला पावतीवरून कळले. गंमत अशी की, ज्या दोन पक्षांसाठी हे भाऊ भांडले ते पक्ष पूर्वी एकाच मंत्रिमंडळात बसलेले होते.

कारखाना कोणत्या एका पक्षाचा नाही आणि ही पत्रिकाही नाही. सर्व विचारांचे लोक आपले सभासद आहेत. तेव्हा कोण बरा आणि कोण वाईट हे आम्ही सांगणार नाही. अनेक पक्षांचे मिळून सरकार कसे बनते, कसे जाते आणि ते गेल्यावर मागे काय राहते, एवढेच आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरणांवरून पाहू.

हिशेब आधी समजून घ्यावा

आपल्या विधानसभेत २८८ जागा आहेत. निम्म्याहून एक अधिक म्हणजे १४५. ज्याच्या मागे १४५ आमदार त्याचे सरकार. एकाच पक्षाला एवढे आमदार मिळाले तर प्रश्न उरत नाही. न मिळाले तर दोन-चार पक्षांनी व अपक्षांनी मिळून आकडा जुळवायचा. यालाच आघाडीचे किंवा युतीचे सरकार म्हणतात. निवडणुकीआधी हात मिळवला तर लोकांना जोडी आधी कळते, नंतर मिळवला तर निकालानंतर कळते. कायद्याला दोन्ही चालतात.

महाराष्ट्रात हा हिशेब पहिल्यांदा अडला तो १९७८ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत निवडणूक झाली. जनता पक्षाला ९९ जागा मिळाल्या. काँग्रेसची नुकतीच दोन शकले झाली होती. त्यातल्या एका काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. उरलेल्या ५८ जागा शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, अपक्ष व इतर यांच्याकडे. १४५ कुणाकडेच नव्हते. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस मग एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. राज्यात उपमुख्यमंत्रीपद प्रथम आले ते याच जुळवाजुळवीतून.

आम्ही त्या वेळी जन्मलो नव्हतो. पण आपल्या ज्येष्ठ सभासदांना ते दिवस चांगले आठवतात. मुंबईत मंत्रिमंडळ एक आणि तोंडे दोन, अशी अवस्था होती असे ते सांगतात. मार्चमध्ये बसलेले सरकार जुलैत गेले. अधिवेशन चालू असताना शरद पवार सुमारे चाळीस आमदारांसह बाहेर पडले. १८ जुलै १९७८ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते मुख्यमंत्री झाले. या नव्या आघाडीचे नाव पुरोगामी लोकशाही दल. लोक म्हणायचे पुलोद.

पुलोदची घडण पाहण्यासारखी होती. काँग्रेसमधून फुटलेला गट होता, जनता पक्ष होता, शेतकरी कामगार पक्ष होता. जनता पक्षातच पुन्हा जुने जनसंघवाले आणि जुने समाजवादी शेजारी शेजारी बसलेले. ज्यांनी आयुष्यभर काँग्रेसशी दोन हात केले ते शेकापचे एन. डी. पाटील त्या मंत्रिमंडळात सहकारमंत्री होते, सांगोल्याचे गणपतराव देशमुखही मंत्री होते. एवढ्या निरनिराळ्या मतांची माणसे एकत्र आली याचे कारण विचारांची एकी नव्हे. एकट्याला राज्य करता येत नव्हते आणि समोरच्याला करू द्यायचे नव्हते. यात लाजण्यासारखे काही नाही. शेजारी शेजारी रान असलेले चार शेतकरी एका उपसा योजनेत एकत्र येतात ते काही एका स्वभावाचे असतात म्हणून नव्हे. पाणी एकट्याला आणता येत नाही म्हणून येतात. पण अशा वेळी पाणीपाळीचा कागद आधी करावा लागतो, हे सभासदांना आम्ही सांगायला नको.

पुलोद पडले कसे?

पुलोद सभागृहात मते कमी पडून गेले, असे पुष्कळांना वाटते. तसे झाले नाही. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. १७ फेब्रुवारी १९८० रोजी केंद्राने महाराष्ट्रासह नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या. आपल्या राज्यात राष्ट्रपती राजवट पहिल्यांदा लागली ती तेव्हा. एकांगी होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, १९७७ साली जनता पक्षाच्या केंद्र सरकारनेही नऊ राज्यांतील काँग्रेसची सरकारे अशीच घालवली होती. एकाने पायंडा पाडला, दुसऱ्याने तो गिरवला. पुढे जूनमध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले आणि पुलोदचे पर्व संपले. एकूण एकोणीस महिने.

एकोणीस महिने म्हणजे किती? आडसाली लागण जुलैत केली तर ती तुटायला पुढच्या वर्षाचा डिसेंबर उजाडतो. जुलै १९७८ मध्ये ज्याने लागण केली त्याचा ऊस कारखान्यात गेला आणि खोडवा गुडघ्याला आला, एवढ्यात सरकार आले आणि गेले.

त्याच काळात उसाचेही हाल झाले. ऑगस्ट १९७८ मध्ये केंद्राने साखर पूर्ण नियंत्रणमुक्त केली. १९७७-७८ च्या हंगामात देशात ६४ लाख टनांवर साखर झाली होती. त्यामुळे बाजार कोसळला. शेतकऱ्यांनी ऊस कमी केला, १९७९-८० मध्ये उत्पादन ३९ लाख टनांच्या आसपास आले आणि डिसेंबर १९७९ मध्ये पुन्हा अंशतः नियंत्रण आणावे लागले. पुलोद सरकार मुंबईत बसून हे पाहत होते, पण साखरेच्या धोरणाची किल्ली दिल्लीत होती. तेव्हा कोणत्याही सरकारला शिव्या देण्याआधी, ती गोष्ट त्याच्या हातात होती का, एवढे विचारावे.

मागे काय राहिले?

आता तात्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. सरकार पडल्यावर दिलेल्या शब्दाचे काय होते? पुलोदच्याच काळातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहू.

पहिली गोष्ट रोजगार हमीची. वि. स. पागे यांच्या विचारातून निघालेली ही योजना प्रथम आपल्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिली गेली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर आली. १९७७ मध्ये तिचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला. तो प्रत्यक्ष लागू झाला २६ जानेवारी १९७९ रोजी, म्हणजे पुलोदच्या राज्यात. एका पक्षाच्या सरकारने योजना सुरू केली, त्याच पक्षाच्या राज्यात कायदा झाला आणि विरोधकांनी भरलेल्या आघाडीने तो अंमलात आणला. खेड्यातल्या प्रौढ माणसाने अकुशल काम मागितले तर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा, असे कायद्यातच लिहिले. पैशाची सोयही आधी केलेली होती. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला, तो याच कामासाठी, आणि तितकीच भर सरकारने घालायची. आम्हा नोकरदारांच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचे मूळ हे आहे.

पुलोद बरखास्त झाले. अंतुले आले, भोसले आले, पुन्हा वसंतदादा आले. रोजगार हमी बंद झाली नाही. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. पुढे त्यातूनच विहिरी आणि १९९० नंतर फळबागा झाल्या. आपल्या कार्यक्षेत्रातल्या कितीतरी विहिरींचे पाणी त्या पाझर तलावांनी धरून ठेवले आहे. २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढे होता.

दुसरी गोष्ट मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी ठराव केला की, विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे. ठराव न्यायाचा होता, सर्व पक्षांनी त्याला हात वर केले होते. पण ठराव झाल्याबरोबर मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. सरकार थबकले. मग ते सरकार गेले, पुढची सरकारे आली आणि ठराव दप्तरात राहिला. चळवळ मात्र थांबली नाही. लोकांनी मोर्चे काढले, तुरुंग भरले, जीवही दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ठरावापासून अंमलापर्यंत साडेपंधरा वर्षे.

या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे आम्हाला कळते. एकीत सर्वांना मजुरी मिळणार होती, दुसरीत जुन्या अढीशी गाठ होती. तरीही सभासदाने एक भेद लक्षात ठेवावा. आपल्या वार्षिक सभेत ठराव होतो तो एक आणि पोटनियम दुरुस्त होतो तो दुसरा. ठराव पुढच्या सभेत फिरवता येतो, नुसता पडूनही राहतो. पोटनियमाला निबंधकाची मंजुरी लागते आणि संचालक मंडळ बदलले तरी तो बांधून ठेवतो. राज्याचेही तसेच आहे. भाषणातला शब्द सर्वांत हलका. त्याहून सभागृहाचा ठराव जड. त्याहून शासन निर्णय जड. सर्वांत जड कायदा, आणि तोही पैशाची तरतूद असेल तर.

पैशाशिवाय कायदाही लंगडतो

'पैशाची तरतूद असेल तर' असे म्हटले, त्याचे उदाहरण कृष्णाकाठच्या सभासदांना घरचेच आहे.

१९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. दोन्ही मिळून १३८, म्हणजे सात कमी. काँग्रेसला ८० आणि अपक्ष तब्बल ४५. अपक्षांच्या पाठिंब्यावर युतीचे सरकार आले. मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. इकडे कृष्णेच्या पाण्याचा प्रश्न तुंबला होता. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. त्याआधी आपल्या वाट्याचे पाणी अडवले पाहिजे, ही हाक गावोगाव होती. १९९६ मध्ये सरकारने कायदा करून कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले आणि कर्जरोखे काढून पैसा उभा केला.

१९९९ मध्ये युती गेली आणि काँग्रेस व राष्ट्रवादी यांची आघाडी आली. हे दोन पक्षही निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढून मग एकत्र बसले होते. पण महामंडळ मोडले नाही, कारण ते कायद्याने उभे होते. धरणांची कामे चालू राहिली. मात्र सगळीच पुरी झाली नाहीत. रोजगार हमीला कराचा वाहता झरा होता, इथे मुख्य भिस्त उसनवारीवर होती. कर्जरोख्यांवरचे व्याज चढत गेले, कामे एकदम पुष्कळ काढली आणि पैसा पुरेना. कुठे धरण झाले पण कालवा नाही, कुठे कालवा झाला पण पोटचाऱ्या नाहीत, असे कित्येक वर्षे चालले. पाया कायद्याचा असला तरी भिंत पैशानेच चढते.

सांगितले होते की नव्हते?

तोंडी शब्दाने काय होते, याचे मोठे उदाहरण २०१९ चे. त्या वर्षी भाजप व शिवसेना यांनी एकत्र निवडणूक लढवली. १०५ आणि ५६ मिळून १६१ झाले. बहुमत स्पष्ट होते. तरी सरकार झाले नाही. मुख्यमंत्रीपद अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे ठरले होते, असे एक बाजू म्हणत होती. असे काही ठरलेच नव्हते, असे दुसरी म्हणत होती. कोण खरे, हे आम्ही सांगू शकत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. दोघांना दाखवता येईल असा कागद नव्हता.

मग राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ती उठली, सकाळी एक शपथविधी झाला आणि ते सरकार चार दिवसांत राजीनामा देऊन गेले. २८ नोव्हेंबरला शिवसेना, राष्ट्रवादी व काँग्रेस यांचे सरकार आले. या तिघांनी त्याच दिवशी किमान समान कार्यक्रम लेखी जाहीर केला. ते सरकारही जून २०२२ मध्ये पक्ष फुटल्याने गेले. पण लेखी असल्याचा एक फायदा झाला. नियमित कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याचे या सरकारने अर्थसंकल्पात जाहीर केले होते. पैसे रखडले, सरकार बदलले, आणि वाटप २०२२ मध्ये पुढच्या सरकारने सुरू केले. पुष्कळ सभासदांच्या खात्यावर ते आले. श्रेय कुणाचे यावर पारावर वाद झाले. आम्ही म्हणतो, श्रेय कागदाचे.

फुटाफुटीविषयी दोन शब्द. १९७८ मध्ये आमदाराला पक्ष सोडायला कायद्याची आडकाठी नव्हती. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर चालत होते. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढली आणि मंत्र्यांची संख्याही सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली, म्हणजे आपल्याकडे ४३. पाठिंब्याच्या बदल्यात मंत्रीपदे वाटत सुटायला त्याने वेसण बसली. बोम्मई खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचे. मे २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने राज्यपालांचा आदेश चुकीचा ठरवला, पण मुख्यमंत्र्यांनी मतदानाला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने जुने सरकार परत आणता येत नाही, असेही सांगितले. काटा असेल तिथेच वजन करावे, हे आपण गव्हाणीपाशी रोज शिकतो.

आपल्या बिलाचे काय?

सभासदाला सर्वांत जवळचा प्रश्न ऊसबिलाचा. चौदा दिवसांत एफआरपी देण्याचा नियम केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला आहे. उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज तिथेच लिहिले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. कारखान्यांना ते सोयीचे होते, हे आम्ही लपवत नाही. शेतकरी संघटना न्यायालयात गेली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वर सांगितलेली उतरंड इथेही दिसते. केंद्राच्या आदेशापुढे राज्याचा शासन निर्णय टिकला नाही. मुंबईत त्या तीन वर्षांत सरकारे बदलली, आदेश १९६६ चाच राहिला.

चार प्रश्न

तेव्हा कोणतेही सरकार असो, पुढारी गावात येऊन काही कबूल करून गेला, तर सभासदाने चार प्रश्न विचारावेत.

एक, ही गोष्ट राज्याच्या हातात आहे की केंद्राच्या?

दोन, हे भाषणात आहे, ठरावात आहे, शासन निर्णयात आहे की कायद्यात?

तीन, यासाठी पैसा कुठून येणार, आणि अर्थसंकल्पात रक्कम धरली आहे का?

चार, उद्या तुम्ही त्या खुर्चीवर नसलात तर हा कागद घेऊन आम्ही कोणत्या टेबलापाशी जायचे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर देणारा पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, त्याला चहा पाजावा.

आमचीही चूक

दुसऱ्याला शहाणपण शिकवताना स्वतःचे झाकून ठेवणे बरे नव्हे. चार वर्षांपूर्वी आमच्याच शेतकी खात्याने एका गावातल्या सभासदांना तोंडी सांगितले होते की, तुम्ही अमुक जातीची लागण करा, तुमचा ऊस जानेवारीच्या आत नेतो. लोकांनी लागण केली. नोंदवहीत मात्र ही गोष्ट कुणी लिहिली नाही. हंगामात टोळ्या कमी आल्या, गटाचा कर्मचारी बदलला, नव्या माणसाला काहीच ठाऊक नव्हते, आणि तो ऊस फेब्रुवारीअखेर गेला. सभासद ऑफिसात आले तेव्हा आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता आणि त्यांच्याकडेही नव्हता. त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "साहेब, तुमच्या तोंडावर इसवास ठेवला." ते अजून बोचते. त्यानंतर लागणीच्या नोंदीबरोबर दिलेली कोणतीही कबुली आम्ही नोंद पावतीवर लिहून सही करून देतो. खाते तेच आहे, माणसे बदलतात. खेडेगावच्या ऑफिसाला जे लागू, ते मंत्रालयालाही.

तात्यांना आम्ही पुढच्या फेरीत हे सगळे सांगितले. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे सरकार कुणाचं हे कमी विचारायचं आणि कागद कुठाय हे जास्त विचारायचं. बरं. मग त्या दोघा भावांचं पण कागदावर करा की." गावकऱ्यांनी दोघांना बसवले. पंचांच्या सह्यांनी वाटेचा कागद झाला, त्याची एक प्रत आमच्या गट ऑफिसात ठेवली आहे. भावाभावांचे बोलणे अजून पूर्ववत झालेले नाही आणि मते तर दोघांची दोन दिशांनाच आहेत. ती राहोत. या हंगामात ट्रॅक्टर मात्र त्या वाटेने गेला आणि थोरल्याचा ऊस पाळीवर तुटला.

ता. क. : खोडव्याची नोंद करताना वाटेविषयी तक्रार असल्यास ती गट ऑफिसात लेखी द्यावी व पोच घ्यावी. तोंडी तक्रारीची नोंद धरली जाणार नाही. लागणीची नोंद पावती प्रत्येक सभासदाने हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी.

आपला,
ऊस विकास अधिकारी